गेनूनानांनी पारखलेले लॅपटॉप

राजुरीत स्टँडच्या बाजूला, रसवंतीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म असं सगळं लिहिलंय आणि त्याच्या खाली, पेंटरला वेगळा चहा पाजून, मी मुद्दाम एक ओळ लिहून घेतली होती: 'लॅपटॉप खरेदीविषयी सल्ला मोफत मिळेल.' पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय राव मी, उगाच नाही लिहिलं. पण लोक यायचे, पाटी वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि मलाच विचारायचे, "गेनूनाना हिकडून गेलं का ओ? लॅपटॉप घ्यायचाय, त्यांना संगं न्यायचंय."

बरं, या गेनूनानांनी उभ्या जन्मात लॅपटॉपचं एक बटण दाबलं नव्हतं. त्यांच्या फोनवर एक हिरवं आणि एक लाल बटण होतं. हिरव्याशी त्यांचा घरोबा होता, लाल बटण मात्र त्यांना पटायचं नाही. बोलणं संपलं की ते फोन तसाच खिशात टाकायचे. मग समोरचा बिचारा बराच वेळ नानांच्या खिशातली तंबाखूची डबी ऐकत बसायचा.

तरी लोक त्यांनाच न्यायचे, कारण आमच्याकडची ती रीतच आहे. जनावर घ्यायला माणूस एकटा जात नाही, पारखी माणूस बरोबर नेतो. नानांचं घराणं मेंढरांमागं हिंडलेलं. त्यांचे वडील, आजा, सगळे पाऊस सरला की कळप घेऊन घाट उतरायचे. नानांच्या वेळेला हिंडणं थांबलं, विहीर झाली, कांदा-टोमॅटो आला, आणि मागच्या वाड्यात थोडी मेंढरं तेवढी राहिली. पण हाताची पारख काही गेली नाही. मेंढराच्या पाठीवर तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हे घ्या" नाहीतर "हे सोडा." बेल्ह्याच्या बाजारात नानांनी निवडलेला बैल म्हटलं की व्यापारीसुद्धा गप्प व्हायचा. बैलावरून मग लोक त्यांना मोटरसायकल घ्यायला नेऊ लागले. मग मिक्सर. मग पंखा. एकदा तर एका मुलीच्या बापानं स्थळ बघायला नेलं, आणि नानांनी सगळ्या पाहुण्यांसमोर नवऱ्या मुलाला दारापर्यंत चालून परत यायला लावलं. मुलगाही भोळा, चालला बिचारा. "चालीत खोट न्हाई," नाना म्हणाले, आणि लग्न ठरलं. असा माणूस लॅपटॉपपाशी येऊन थांबणार थोडाच!

नाना अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर कायम काळी घोंगडी. उन्हाळ्यातही. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ए झेरॉक्स!" एवढंच. मी एकदा चिडून म्हणालो, "नाना, मला नाव आहे." तर म्हणाले, "आसंल की. मी कुठं न्हाई म्हनलो?"

खरेदीला निघताना त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. "दुकानात मालकानं तोंड उघडायचं न्हाई." मालक म्हणजे ज्याला वस्तू घ्यायची तो. बाजारात हेच चालतं. तुम्हाला बैलाची गरज आहे हे व्यापाऱ्याला कळलं की मेलात तुम्ही, भाव चढलाच. म्हणून घेणाऱ्यानं दुसरीकडं बघत उभं राहायचं, जांभई द्यायची, जमलं तर जनावराला नावं ठेवायची. बोलायचं ते पारख्यानं. बैलाच्या बाबतीत हे ठीक आहे हो. बैल नांगराला लागणार की गाड्याला, एवढाच प्रश्न. पण लॅपटॉपच्या दुकानात तो टायवाला पोरगा पहिलाच प्रश्न विचारतो, "कशासाठी हवाय सर?" आणि इथं उत्तर द्यायलाच बंदी!

आमच्या गावचे काळेगुरुजी तिकडं आहुप्याच्या शाळेवर आहेत. आठवडाभर डोंगरात, शनिवारी घरी. मुलांना चित्रं, गाणी दाखवायला त्यांना लॅपटॉप हवा होता. नानांना घेऊन ते नारायणगावला गेले आणि माझी व्हॅन असल्यामुळं मीही गेलो. म्हणजे ड्रायव्हर म्हणून, सल्लागार म्हणून नव्हे.

"कशासाठी हवाय सर?" टायवाल्यानं विचारलं. गुरुजींनी तोंड उघडलं तोच नानांनी त्यांच्या पायावर पाय दिला. गुरुजी "आ" करून थांबले.

"कशासाठीबी नको," नाना म्हणाले. "आमी नुसतं बगायला आलोय."

मग तपासणी सुरू झाली. नानांनी एक लॅपटॉप उघडला, मिटला, परत उघडला. "मान ढिली हाय." दुसऱ्याला कान लावला. "धापतंय." तिसऱ्याच्या पोटाखाली हात घातला. "अंगात कणकण हाय याच्या." टायवाला सांगत होता की प्रोसेसर अमुक, रॅम तमुक. नाना त्याच्याकडं बघत म्हणाले, "त्याचं आईबाप इचारलं न्हाईत मी. एकदा पाजलं की किती वेळ चालंल ते सांग."

"काका, बॅटरी म्हणताय का?"

"आन बसायची खोड हाय का? मधीच बसतंय का?"

"हँग नाही होत काका."

"सगळंच इकनारं आसंच म्हनत्यात."

तेवढ्यात त्यांची नजर लॅपटॉपवर चिकटवलेल्या रंगीत स्टिकरांवर गेली. बाजारात बैलाची जखम झाकायला व्यापारी काय काय चोपडतात ते नानांनी आयुष्यभर बघितलेलं. "हितं काय झाकलंय?" असं म्हणून त्यांनी नखानं एक स्टिकर सोलून काढलं. टायवाला "अहो, अहो" करेपर्यंत दुसरंही निघालं. खाली काहीच नव्हतं. नाना जरा नाराज झाले आणि दोन्ही स्टिकरं त्यांनी काउंटरवरच्या गणपतीच्या फोटोला चिकटवून दिली.

शेवटी त्यांना एक भला थोरला लॅपटॉप पसंत पडला. खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी असतो तसला, कीबोर्डखालून लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा, पंख्याचा घुं-घुं आवाज करणारा. "बगा गुरुजी, छातीला रुंद हाय. डोळ्यात तेज हाय. दम कसा टाकतोय बगा." त्यांनी टायवाल्याला तो घेऊन दारापर्यंत चालायला लावलं. पोरगा चालला, परत आला. ही चाल लॅपटॉपची की टायवाल्याची, हे मला आजवर कळलेलं नाही.

भाव करायची वेळ आली तेव्हा नानांनी खांद्यावरची घोंगडी पसरून टायवाल्याचा हात तिच्याखाली ओढला. बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. टायवाल्याला ही रीत ठाऊक नव्हती. काळ्या घोंगडीखाली एक म्हातारा आपली बोटं एकेक करून चेपतोय, हे पाहून तो केविलवाणा ओरडला, "शेठ!"

शेठ आतून आले. त्यांनी घोंगडी बघितली, नानांकडं बघितलं आणि हसले. त्यांचे वडील बेल्ह्याला बैलांचे दलाल होते. त्यांनी बिनबोभाट हात घोंगडीखाली घातला. दोघंही छताकडं बघत उभे राहिले, बोटं आत बोलत राहिली, आणि सौदा झाला. आम्ही तो लुकलुकणारा देह घेऊन परत आलो.

पुढं काय व्हायचं ते झालं. गुरुजी तो लॅपटॉप पाठीवर घेऊन एसटीनं आहुप्याला जायचे तर उतरताना वाकलेले असायचे. पावसाळ्यात तिकडं लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि हा गडी कविता संपायच्या आत मान टाकायचा. पोरं मात्र खूश होती. दिवे लुकलुकायला लागले की ती उभी राहून आरती म्हणायची.

याच्याच पुढंमागं नानांचा लोणीचा भाचा प्रकाश आला. हा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो, बैलगाड्यांच्या शर्यतींचेही. त्याच्यासाठी नानांनी निवडला एकदम पातळ, हलका, शाळेच्या पाटीएवढा लॅपटॉप. "हरनाच्या अंगाचा हाय. शर्यतीचं काम करतोस, चपळ पायजे." प्रकाशनं त्यावर लग्नाचा व्हिडिओ जोडायला घेतला आणि ते हरीण जागेवरून हलेना. त्याचं काम इतकं रखडलं की नवरीकडच्यांनी बारशाचंच आमंत्रण आणून दिलं आणि सांगितलं, आता दोन्ही एकाच पेनड्राइव्हमध्ये द्या.

एका शनिवारी काळेगुरुजी आणि प्रकाश दोघंही आपापली दुखणी घेऊन माझ्या दुकानात येऊन बसले. मी दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, अदलाबदल करा की! गुरुजींना हलका पाहिजे, दिवसभर चालणारा. प्रकाशला ताकदीचा पाहिजे, तो काय विजेच्या खांबाखालीच बसतो." दोघांनी एकमेकांकडं बघितलं, वरचं देणंघेणं तिथल्या तिथं मिटवलं आणि लॅपटॉप बदलले. गुरुजींचं पाठदुखीचं औषध बंद झालं आणि प्रकाशची लग्नं बारशाच्या आधी निघू लागली.

आता तुम्हाला वाटेल, गावात माझं नाव झालं असेल. कसलं नाव नि कसलं काय! नाना दुसऱ्या दिवशी रसवंतीच्या बाकावर बसून चार लोकांना सांगत होते, "जनावरं म्या बरुबर निवडली व्हती. दावनी तेवढ्या चुकल्या व्हत्या." लोक माना डोलवत होते. मी आतून ओरडलो, "नाना, अदलाबदल मी सुचवली!" तर नाना म्हणाले, "आरं झेरॉक्स, म्या निवडली नसती तर तू बदलली काय आसती?" कप्पाळ माझं!

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण मग सुवर्णाची पाळी आली.

सुवर्णा नानांची सून. संतोषची बायको. संतोष माझा वर्गमित्र, टोमॅटोची गाडी घेऊन कायम बाहेर. पोरगी बी. कॉम. झालेली, पण लग्नानंतर कांदा लावणं, कांदा काढणं, कांदा निवडणं यातच तिचे दिवस जायचे. ती एक दिवस दुकानात आली. पाटीसमोर उभी राहिली. खालची ओळ तिनं मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "भावजी, हा मोफत सल्ला अजून मिळतो का?"

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिलो. खुर्ची पुसून तिला दिली, पंखा तिच्याकडं वळवला, चहा सांगितला.

तिला नोकरी लागली होती! शेताच्या बांधावर उभं राहून तिनं फोनवर मुलाखत दिली होती, कारण त्यांच्याकडं रेंज तिथंच येते. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरात बसून मराठीतून ऐकायच्या आणि त्यांना समजावून सांगायचं, असं काम. घरात नेट घ्यायचं ठरलं होतं, लॅपटॉप आपला आपण आणायचा होता. लाईट गेली तरी दिवस काढेल असा पाहिजे, आवाज स्वच्छ जायला पाहिजे, मागचा गोंगाट समोरच्याला ऐकू जाता कामा नये, कॅमेरा चांगला पाहिजे. आणि सोमवारी सकाळी हजर राहायचं होतं. नाही जमलं तर ती जागा दुसऱ्या बाईला जाणार, असं कंपनीनं आधीच बजावलं होतं.

"मला बोलायला लई आवडतं भावजी," ती म्हणाली. "कॉलेजात मी बोलायला लागले की सर घड्याळ बघायचे. आता दिवसभर बोलायचं कुणाशी? कांद्याशी?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कोणता घ्यायचा, त्यात काय बघायचं, तो नारायणगावच्या त्याच दुकानात आहे हेसुद्धा. इतक्या वर्षांचा साठलेला सल्ला होता, धो धो वाहिला. ती उठली तेव्हा आमच्या लक्षात आलं की पत्र्याच्या पलीकडं, रसवंतीच्या बाकावर नाना पाठमोरे बसलेत. हातात रसाचा ग्लास तसाच भरलेला. आमच्याकडं न बघता ते उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दुकानात हजर.

"झेरॉक्स, एक झेरॉक्स काढ."

"कशाची नाना?"

"कशाचीबी."

मी समोर पडलेल्या वर्तमानपत्राची प्रत काढून दिली. त्यांनी ती उलटी धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "सून आली व्हती म्हनं तुज्याकडं."

"आली होती."

"बरं झालं. तू शिकलेला हायेस." असं म्हणून ते गेले. मला वाटलं होतं या दिवशी मी खूश होईन. नाही झालो. म्हाताऱ्याची चाल बघवत नव्हती.

संध्याकाळी सुवर्णा आली. डोळे सुजलेले. "भावजी, नानांनी कालपासून भाकरीला हात लावला नाही. त्यांना नेलं नाही तर ते जेवणार नाहीत, आणि नेलं तर माझी नोकरी जाणार. आता सांगा मोफत सल्ला!"

 सोमवार परवावर आला होता. मी म्हणालो, नेऊ त्यांना, बघू काय होतं ते.

रविवारी आम्ही तिघं व्हॅनमधून निघालो. नाना पुढं बसले. स्टँड ओलांडत नाही तोच घोंगडी सारखी करत त्यांनी बजावलं, "दुकानात कुनी तोंड उघडायचं न्हाई." मागं सुवर्णाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुनीबी म्हंजी कुनीबी, झेरॉक्स."

टायवाल्यानं नानांना ओळखलं. आधी दोन्ही हात खिशात घातले आणि मग विचारलं, "मॅडम, कशासाठी हवाय?"

सुवर्णानं नानांकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"बगायला आलोय," नाना म्हणाले.

त्यानं एक सोनेरी रंगाचा लॅपटॉप पुढं केला. दिसायला नवरीसारखा, आत काही दम नाही. नानांनी पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "थंडगार हाय. अंगानं हलका हाय. मान घट्ट हाय. वा!"  आम्हाला पाहिजे होता तो वरच्या फळीवर होता, काळा, साधा, आणि तसला तो एकच उरला होता. मी खोकलो. नाना म्हणाले, "खोकायचंबी न्हाई."

मग रिवाजाप्रमाणं पाठ फिरवून बाहेर जायचं होतं, म्हणजे दुकानदाराला वाटावं की गिऱ्हाईक गेलं. आम्ही बाहेर गेलो, ऊन खात उभे राहिलो, परत आत आलो. तर तोवर दुकानात एक गृहस्थ मुलाला घेऊन आलेले. ते मोकळ्या आवाजात टायवाल्याला सगळं सांगत होते, मुलगा कॉलेजला जाणार, असं पाहिजे, तसं पाहिजे. टायवाला स्टुलावर चढला आणि त्यानं हात घातला तो नेमका त्या काळ्या लॅपटॉपलाच.

 सुवर्णानं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळला, आणि ती त्या लॅपटॉपकडं बघत राहिली.

नाना सोनेरी लॅपटॉप घोंगडीनं पुसत होते. त्यांचं लक्ष सुनेच्या हातांकडं गेलं. मग तिच्या डोळ्यांकडं. मग डोळे जिकडं बघत होते तिकडं.

"तुला त्यो पायजे व्हय?" त्यांनी विचारलं.

तिनं नुसता पट्टा आणखी पिळला.

"आगं बोल की!"

"तुम्हीच म्हणालात ना नाना," ती हळूच म्हणाली, "तोंड उघडायचं नाही." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मी नानांना कधी गांगरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. त्यांनी सोनेरी लॅपटॉप खाली ठेवला. खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या हातात दिली. मुंडासं सारखं केलं. आणि मग, रानात पुढं गेलेल्या कळपाला हाक मारतात त्या आवाजात, ते दुकानात बोलले.

"पावणं, थांबा! ही माझी सून. शिकलेली हाय. तिला नोकरी लागलीया, घरात बसून दिसभर मानसांशी बोलायची. आमच्याकडं लाईट आली तर आली, न्हाई तर न्हाई, म्हनून दिसभर दम धरनारं पायजे. तिचा आवाज चोख गेला पायजे. मागं माझी मेंढरं वरडली तरी त्या कंपनीला कळता कामा न्हाई. त्वांड नीट दिसलं पायजे. आन हे समदं उद्या सकाळपतोर पायजे, न्हाईतर हिची जागा जाती." ते दम घ्यायला थांबले. "आमाला गरज हाय, पावणं. लई गरज हाय."

 टायवाला स्टुलावर तसाच उभा. मी घोंगडी छातीशी धरून उभा. पत्र्याच्या पलीकडं बसून म्हाताऱ्यानं शब्द न् शब्द ऐकला होता, आणि एकही विसरला नव्हता.

ते गृहस्थ मुलाकडं वळले. मुलगाच म्हणाला, "पप्पा, आपलं कॉलेज कुठं उद्या सुरू होतंय?" गृहस्थ हसले आणि म्हणाले, "द्या हो यांना. आम्ही पुढच्या आठवड्यात येतो."

सुवर्णा डोळे पुसून टायवाल्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारायला सुरुवात केली. बॅटरी, माइक, कॅमेरा, गॅरंटी. एकापाठोपाठ एक, थांबायचं नाव नाही. नाना माझ्या कानाशी आले. "चांगलं इचारती की रं ही," ते म्हणाले. मी म्हणालो, "हो नाना." त्यांनी विचारलं, "तू शिकवलंस?" मी म्हणालो, "हो." खरं म्हणजे थोडंच शिकवलं होतं, पण एवढं तरी श्रेय मला मिळायला नको का?

भाव करायला शेठ आतून आले. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. नानांनी मान हलवली. "आज न्हाई शेठ. गरज सांगून बसलोय. आता बोटं दाबून काय उपेग? जे लिवलंय ते घ्या." शेठनी छापलेल्या किमतीतून आपण होऊन काही कमी केलं, आणि नाना एवढे खजील झाले की त्यांना राम राम घालायचंही सुचेना. पण दारापर्यंत गेल्यावर ते परत फिरले. "आन पिशवी? गरज सांगितली म्हनून पिशवीबी सोडू काय?" पिशवी मिळाली. माऊस मिळाला. पुसायचं फडकं मिळालं. टायवाल्याच्या टेबलावरचं कॅलेंडरही नानांनी उचललं असतं, सुवर्णानं हात धरला म्हणून राहिलं.

परतीच्या वाटेला व्हॅनमध्ये सुवर्णा बोलत होती. राजुरी येईस्तोवर बोलत होती. नाना बाहेर बघत होते. मधेच मला म्हणाले, "भाव पाडता आला आसता रं."

"आला असता नाना."

"जाऊ दे." मग गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "भूक लागलीया."

नाना आता नाहीत. गेल्या थंडीत गेले. गाव अजून त्यांची आठवण काढतं आणि हळहळतं. मीही हळहळतो, खोटं कशाला सांगू. आता लोक माझ्याकडं येतात सल्ला घ्यायला, आणि मला त्यात म्हणावी तशी मजा येत नाही.

ते जायच्या थोडं आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो, कसल्याशा कागदावर अंगठा घ्यायला. गल्लीच्या तोंडाशीच नाना घोंगडी पसरून बसलेले. मी मोटरसायकलवरून हॉर्न वाजवत आलो तसे ते ताडकन उठले आणि ओठांवर बोट ठेवून आडवे आले. गाडी बंद करायला लावली. मी गुपचूप ती ढकलत आत नेली. बघतो तर मेंढरांचा वाडा पार विहिरीपलीकडं हलवलेला, आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या काढून खुंटीला टांगलेल्या. माझ्या मागून भंगारवाला कर्णा लावून आला, तर नाना त्याच्या अंगावर धावून गेले. शेजारच्या म्हातारीला खोकला आला, तिच्याकडंही त्यांनी असं बघितलं की तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. अख्खी गल्ली तोंड मिटून बसली होती.

आणि खिडकीतून सुवर्णाचा आवाज येत होता, स्वच्छ, ठणठणीत. "नमस्कार, मी सुवर्णा बोलतेय. आपल्याला काय हवंय ते अगदी मोकळेपणानं सांगा. मी ऐकतेय."

नाना माझ्याजवळ आले. मिशीत हसत होते. खिडकीकडं बोट दाखवून त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

मी माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

नानांनी तोंड मिटलं. मग खिडकीखालच्या भिंतीवर तळहात टेकवला, डोळे मिटले, आणि पसंतीची मान डोलवली.